पंखा 'डायरेक्ट'

नगर रस्त्यावर गाडी तापते ती पळताना नव्हे, थांबल्यावर. रस्ता मोकळा असेपर्यंत तापमानाचा काटा मधोमध निवांत बसलेला असतो. शिक्रापूरच्या चाकण चौकात रांग लागली, पुढे कंटेनर, मागे कंपनीची बस, आत एसी सुरू, की काटा चढायला लागतो. एरवी अशा वेळी बॉनेटखालून घरघर सुरू होते, थोड्या वेळाने थांबते, पुन्हा सुरू होते. रोज गाडी चालवणाऱ्याच्या कानालाही तिची दखल नसते. ती बंद पडल्याचं कळतं ते वाफ निघाल्यावर.

यंदाच्या अंकाचा विषय 'दुरुस्ती' असल्याचं संपादकांनी कळवलं. नाती, वाडे, मूर्ती, पोथ्या यांच्या दुरुस्तीवर लिहिणारे पुष्कळ निघतील या खात्रीने मी मोटारीच्या रेडिएटरचा पंखा मागून घेतला. त्यासाठी शिरूर ते दौंड हा पट्टा सोयीचा. एका अंगाला नगर रस्ता, दुसऱ्या अंगाला सोलापूर रस्ता, मधे न्हावरे, पारगावजवळचा भीमेवरचा पूल आणि केडगाव-चौफुला. रस्त्याकडेला गॅरेजवाले, टायरवाले, बॅटरीवाले, रेडिएटरवाले. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांमागे बैलाच्या चालीने जावं लागतं. म्हणजे पंख्याची परीक्षा बारमाही.

या बिघाडाची एक गंमत गॅरेजांतून हिंडताना पुन्हा पुन्हा दिसली. दुरुस्तीला पाच मिनिटं लागतात, शोधायला तास जातो. आणि आपण पैसे मोजतो ते त्या पाच मिनिटांचे.

पंख्याला हुकूम कोण देतं?

ट्रॅक्टरवर हात बसलेल्या माणसाला मोटारीचा पंखा सुरुवातीला चक्रावून टाकतो. ट्रॅक्टरचा पंखा पट्ट्यावर चालतो. इंजिन सुरू की पंखा सुरू. अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी यांचंही तसंच होतं. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली ती आडव्या इंजिनाची. पुलीचं तोंड चाकाकडे आणि रेडिएटर समोर, त्यामुळे पट्ट्याने पंखा फिरवायची सोय उरली नाही. पंख्याला स्वतःची विजेची मोटर मिळाली आणि तिच्याबरोबर मर्जीही. तो गरजेपुरताच फिरू लागला. गाडी साठच्या वेगाने धावत असताना समोरचा वाराच बहुधा रेडिएटरला पुरतो. पंखा लागतो तो वारा थांबल्यावर. म्हणून पंखा थांबलेला दिसला म्हणजे तो बिघडला असं नाही, आणि एकदा फिरताना दिसला म्हणजे सारं ठीक आहे असंही नाही.

त्याच्यामागची साखळी लांब आहे. इंजिन तापलं की साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान थर्मोस्टॅट उघडतो आणि कुलंट रेडिएटरकडे वाहू लागतं. गॅरेजात त्याला 'थर्मोस्टॅट वॉल' म्हणतात. तेवढ्याने भागलं नाही आणि तापमान ९५ ते १००च्या घरात गेलं, की सेन्सरचा आकडा वाचून गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, रिलेला इशारा देतो. रिलेच्या आतली गुंडाळी पाव अँपियरसुद्धा खात नाही. पण तिच्या जोरावर जो संपर्क जुळतो, त्यातून बॅटरीचा दहा-वीस अँपियर करंट मोटरकडे जातो. वाटेत ३० किंवा ४० अँपियरचा फ्यूज. मोटरमधून निघालेला करंट काळ्या वायरीने गाडीच्या पत्र्याला, म्हणजे 'अर्थ'ला, मिळतो. एसी लावला तरी पंख्याला बोलावणं जातं, कारण रेडिएटरपुढची एसीची जाळीही त्यालाच थंड करायची असते. या साखळीतली कुठलीही एक कडी सुटली, तर गिऱ्हाईक गॅरेजात येऊन एकच वाक्य बोलतं: "पंखा गेलाय."

शंभर अंशांना पाणी उकळत कसं नाही, असा प्रश्न पडेल. शिरूर-दौंड समुद्रसपाटीपासून पाचशे-साडेपाचशे मीटर उंच. इथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. पण रेडिएटरचं झाकण आत साधारण एक बार जादा दाब धरून ठेवतं, आणि निम्म्या पाण्यात निम्मं कुलंट असलं तर ते मिश्रण १२५ अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही. गरम गाडीचं झाकण उघडू नये ते याचसाठी. दाब सुटला की आतलं सगळं एका क्षणात उकळतं आणि थेट तोंडावर येतं. रेडिएटरवाल्यांच्या हातांवर भाजल्याचे जुने डाग असतात. विचारलं तर कहाणी तीच.

दौंडच्या जुन्या रेल्वेवाल्यांना पंख्याच्या या साखळीतलं काही नवं वाटणार नाही. डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचा रेडिएटर पंखा एडी करंट क्लचवर चालायचा, आणि पाण्याच्या तापमानावरचे स्विच त्याला कामाला लावायचे. तिथेही पंखा गप्प बसला की ड्रायव्हर आधी पंख्याकडे नव्हे, स्विचकडे बघायचा.

दिवा लावून बघणारा

शिरूरमधल्या एका ऑटो वायरमनच्या शेडमध्ये पांढरी हॅचबॅक उभी होती. मालक मांडवगण फराट्याचा शेतकरी. रांजणगावच्या महागणपतीला चतुर्थीच्या गर्दीत गाडी तापली होती. एका गॅरेजने सेन्सर बदलला, दुसऱ्याने थर्मोस्टॅट. पंखा मात्र फिरला नाही.

वायरमनने बॉनेटला हात लावायच्या आधी विचारलं, "एसी लावल्यावर तरी फिरतो का?"

"नाय. कशानंच नाय."

"मग सेन्सर कशाला बदलला?"

माझ्या मते साऱ्या तपासातला हा सगळ्यात मोलाचा प्रश्न, आणि त्याला हत्यार लागत नाही. बहुतेक गाड्यांत एसीने पंखा फिरत असेल, पण तापल्यावर फिरत नसेल, तर मोटर, फ्यूज, वायरी ठणठणीत आहेत आणि संशय सेन्सरच्या बाजूला जातो. दोन्हींनी फिरत नसेल, तर आधी सेन्सरला हात लावायचं कारण नाही. जिथे करंट वाहतो तिथे बघायचं.

इंजिन बंद करून, चावी काढून त्याने पातं बोटाने फिरवून बघितलं. मोकळं फिरलं, म्हणजे बेअरिंग जाम नाही. मग एसी सुरू करून मोटरच्या पाठीवर पान्याच्या दांड्याने दोन हलक्या टिचक्या मारल्या. आतले कार्बन, म्हणजे ब्रश, झिजले असले तर अशा धक्क्याने मोटर क्षणभर जागी होते, आणि मग कार्बन किंवा मोटर बदलायची हे ठरून जातं. ही जागी झाली नाही. फ्यूज डोळ्याने चांगला दिसत होता, तरी दोन्ही टोकांना दिवा लावून पाहिला. केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही. रिले काढून त्या जागी हॉर्नचा बसवला. दोन्हींचा नंबर एकच होता. पंख्याच्या रिलेवर हॉर्न वाजला, म्हणजे रिले निर्दोष. एसी सुरू करताच रिलेत 'टिक' झालं. हुकूम येत होता.

मोटरच्या कपलरला, म्हणजे वायरी जोडायच्या सॉकेटला, मीटर लावला. मीटरने १२ व्होल्ट दाखवले. मला वाटलं, झालं, मोटरच गेली. त्याने मीटर बाजूला ठेवला आणि हेडलाइटचा जुना बल्ब काढला, वायरी जोडून ठेवलेला.

"मीटर खोटं नाय बोलत, पण त्याला कष्ट नाय," तो म्हणाला. "याला करंट लागतो. ह्यो पेटला तर खरं."

बल्ब पेटला, पण मिणमिणता. गंजलेल्या वायरीतून मीटरला पुरेल एवढा दाब पोचतो, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. पंचावन्न वॅटचा बल्ब चार-पाच अँपियर मागतो, आणि तिथे गंज उघडा पडतो. आता त्याने बल्बचं काळं टोक कपलरमधून काढून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. बल्ब लख्ख पेटला. करंट येत होता. परत जायला वाट नव्हती. काळ्या वायरीचा माग काढत तो हेडलाइटमागच्या एका बोल्टपाशी पोचला. पत्र्यावर हिरवट-पांढरी बुरशी चढली होती. खरडलं, बोल्ट आवळला, वर ग्रीस फासलं. एसी लावला, पंखा घरघरला.

मालक खूश झाला आणि पुढच्याच क्षणी नाराज. वायरमनने सांगितलेला आकडा त्याच्या सेन्सरच्या किमतीहून कमी होता, तरी तो म्हणाला, "एक बोल्ट तर आवळला. एवढे कशाचे?"

डायरेक्ट

चौफुल्याच्या अलीकडे एका गॅरेजात उभ्या असलेल्या टॅक्सीच्या स्टीअरिंगखाली घरातल्या बल्बचं असावं तसं बटण स्क्रूने बसवलेलं होतं. कशाचं, हे विचारावं लागलं नाही. या पट्ट्यात जुन्या गाड्यांच्या विक्रीत विकणारा स्वतःहून सांगतो, तेही गुण म्हणून: "पंखा डायरेक्ट केलाय, काय टेन्शन नाय."

डायरेक्ट म्हणजे सेन्सर, ईसीएम आणि पुष्कळदा रिलेसुद्धा बाजूला सारून बॅटरीपासून पंख्यापर्यंत स्वतंत्र वायर ओढायची. कधी मधे बटण, कधी चावी फिरवली की पंखा सुरू. रात्री अकराला यवतजवळ कुणी लग्नाचं वऱ्हाड किंवा पेशंट घेऊन अडकला असेल, तर हा उपाय मला शहाणपणाचा वाटतो. फ्यूज मधे घालून जोडलेली वायर गाडी घरी पोचवते. आक्षेप आहे तो सकाळी. तात्पुरता इलाज तसाच राहतो, वर्षानुवर्षं.

मग त्याचे हिशेब निघायला लागतात. बारीक वायर पंधरा अँपियर सोसत नाही. फ्यूज नसेल तर आधी तिचं कव्हर वितळतं, पुढे आगही लागते. बटण चालू विसरलं तर सकाळी बॅटरी उतरलेली, बंद विसरलं तर इंजिन उकळलेलं. इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या हेडला बाक आला, हेड गॅस्केट गेलं, की हेड लेथवाल्याकडे फेसिंगला जातं आणि खर्च हजारांत शिरतो. बटण बसवणाऱ्याने त्या हजारांची जबाबदारी घेतल्याचं मी तरी ऐकलं नाही.

डायरेक्टचं जुळं भावंड म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणं. "आपल्याकडे थंडी कुठंय, वॉल लागतो कशाला?" हे चौफुल्यापासून दौंडपर्यंत ऐकू येतं. थर्मोस्टॅट काढला की कुलंट सतत रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन लवकर तापतच नाही. ईसीएमला वाटतं इंजिन अजून गार आहे. तो जादा इंधन सोडत राहतो, मायलेज घटतं, ऑइल लवकर खराब होतं. आणि दोन्ही करून बसलेल्या गाडीत पुढच्या मिस्त्रीला खऱ्या दोषाचा माग काढायला काही शिल्लकच राहत नाही.

पंखा निर्दोष असतो तेव्हा

दौंडच्या एका मिस्त्रीने उलट बाजू दाखवली. पंखा फिरत नाही, इंजिन उकळतंय, आणि तरी पंख्याच्या साखळीत काही दोष नाही. असं कसं? थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला तर गरम कुलंट रेडिएटरपर्यंत येतच नाही. जुन्या गाड्यांत पंख्याचा थर्मो स्विच रेडिएटरवरच बसलेला असतो. इंजिन पेटलेलं, रेडिएटर गार. स्विचच्या लेखी सारं आलबेल. मिस्त्री सावधपणे होज पाइपजवळ हात नेतो. इंजिनाकडून येणारा वरचा पाइप चटका देतो आणि खालचा गार लागतो, तर कुलंट फिरत नाही, एवढं नक्की. मग थर्मोस्टॅट, वॉटर बॉडी म्हणजे वॉटर पंप, किंवा चोकअप झालेला रेडिएटर यांपैकी कोण, ते शोधायचं.

हवा अडकली तरी तोच घोळ. कुलंट कमी झालं किंवा भरताना आत हवा राहिली की सेन्सरचं टोक पाण्याऐवजी हवेत लोंबतं. हवेला तेवढी उष्णता पोचत नाही, सेन्सर कमी आकडा सांगतो, पंख्याला हुकूमच जात नाही. अशा गाडीला नवी मोटर बसवून उपयोग शून्य.

आणि मग पाणी. कुलंट संपलं की बोअरचं पाणी ओतणं ही या भागातली सर्रास सवय. इथल्या बोअरचं पाणी जड. भांड्यांवर चढतो तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो. बाहेरून पाचटाचा भुगा, धूळ, किडे जाळीत रुततात. पंखा जोरात फिरतो, पण वारा आरपार जात नाही. रेडिएटरवाला अशा जाळीकडे बघून मान हलवतो आणि उलट बाजूने हलका फवारा मारायला सांगतो. पुढून जोराचा प्रेशर मारला तर नाजूक पत्त्या दुमडून वाट उरलीसुरली बंद होते.

दौंडचा म्हणून एक खास शत्रू आहे: कुरकुंभ मोरी. रेल्वेखालची ही अरुंद वाट पावसात तुंबते. पाण्यात गाडी घातली आणि त्याच वेळी पंखा सुरू असला, तर पातं पाण्यात अडतं, मोटर जादा करंट ओढते, फ्यूज उडतो. नशीब वाईट असेल तर पातं तुटून रेडिएटरला लागतं. मोरीत शिरण्याआधी एसी बंद करा, असं दौंडचे मिस्त्री सांगतात. पावसाळ्यानंतर तापणाऱ्या गाडीचा फ्यूज ते सगळ्यांआधी बघतात. उसाच्या फडाशेजारी किंवा कांद्याच्या चाळीपाशी उभी राहणारी गाडी असेल, तर आधी वायरी: उंदराने कुरतडलेली एक तारसुद्धा पंखा गप्प करते.

उणे चाळीस

रांजणगाव एमआयडीसीत फियाट आणि टाटांच्या भागीदारीतल्या कारखान्यात जीप कंपास आणि नेक्सॉन जुळतात. तिथून थोड्याच अंतरावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या वायरमनला नव्या गाड्यांपुढे हात आखडता घ्यावा लागतो. पूर्वी थर्मो स्विचचा कपलर काढून दोन टोकं तारेने जोडली, पंखा फिरला, की स्विच खराब हे सिद्ध व्हायचं. आजच्या सेन्सरवर तो प्रयोग करायचा नसतो. तो स्विच नाहीच. तापेल तसा विरोध कमी होणारा थर्मिस्टर आहे. अनेक गाड्यांत २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास. काही नव्या गाड्यांत तर पंख्याची मोटरच स्वतःच्या सर्किटवर चालते आणि वेगाचा हुकूम सिग्नलने घेते. तिला बाहेरून वायर जोडणं महागात पडतं.

म्हणून तरुण पोरांच्या हातात आता स्कॅनर असतो, निदान मोबाइलशी जोडायचा छोटा प्लग तरी. सेन्सरची वायर तुटली की हा स्कॅनर शिरूरच्या मे महिन्यात इंजिनाचं तापमान उणे ४० अंश दाखवतो. अशा वेळी बऱ्याच गाड्यांचा ईसीएम शहाणपणा करतो आणि धोका नको म्हणून पंखा सतत चालू ठेवतो. तेव्हा सेन्सरचा कपलर काढल्यावर पंखा सुरू झाला, तर मोटर आणि रिले निर्दोष हे स्कॅनरशिवायही कळतं. स्कॅनरवर दिसणाऱ्या दोषाच्या कोडचीही मदत होते: पी ०४८० म्हणजे पंख्याच्या नियंत्रणाचं सर्किट, पी ०११८ म्हणजे सेन्सरचं सर्किट. मात्र कोड सर्किटचं नाव सांगतो, जागा सांगत नाही. पी ०११८ वाचून लगेच सेन्सर बदलणारा पोरगा आणि काही न वाचता सेन्सर बदलणारा मिस्त्री यांत मला फरक दिसत नाही. हिरवट बुरशी चढलेल्या त्या बोल्टला कोडच नव्हता.

बघण्याचे पैसे

मग सगळे बल्ब लावून का बघत नाहीत? कारण सरळ आहे. पार्ट बदलला की पार्टवर मार्जिन मिळतं आणि मजुरीही. गिऱ्हाइकाला डब्यातून निघालेली नवी वस्तू दिसते. तासभर तपासून बोल्ट आवळला तर बिल कशाचं लावायचं? मांडवगणच्या मालकाने विचारलेला प्रश्न प्रत्येक वायरमनने ऐकलेला असतो. त्यामुळे हुशार माणूससुद्धा हळूहळू शोधणं सोडतो आणि बदलणं धरतो. डायरेक्टचं बटण मिस्त्रीच्या आळसातून आलं असं म्हणणं सोपं आहे. माझ्या मते त्यात गिऱ्हाइकाच्या कंजूषपणाचाही तितकाच वाटा आहे.

दिवाळीला गावी निघण्याआधी एवढं करा. गाडी गार असताना कुलंटची पातळी बघा. इंजिन सुरू करून एसी लावा, बॉनेट उघडा आणि पंखा फिरतो का बघा. हात, ओढणी, पदर लांब ठेवा, पंखा न सांगता सुरू होतो. एसीने फिरला तर एसी बंद करून गाडी उभ्या उभ्या गरम होऊ द्या आणि तो आपणहून लागतो का तेही बघा. काट्याऐवजी नुसता लाल दिवा असलेल्या गाड्यांत ही खात्री जास्तच हवी, कारण तो पेटेपर्यंत उशीर झालेला असतो. वाटेत कोंडीत तापलीच तर एसी बंद, हिटर पूर्ण, आणि जागा मिळताच गाडी बाजूला. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावू नका, गरम इंजिनावर गार पाणी ओतू नका.

आणि गॅरेजात गेल्यावर "पार्ट टाका" म्हणू नका. "आधी तपासा, तपासायचे किती घ्याल?" असं विचारा, आणि दोष बोल्टात निघाला तरी ते पैसे द्या.